ओल्या दारावरचा बगळा

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पॅरिशचे आदरणीय फादर मॅकिनर्नी, शाळेचे मुख्याध्यापक श्री. ब्रूडर, कौंटीच्या शिक्षण खात्याकडून एवढ्या आडवाटेला मुद्दाम आलेल्या पाहुण्या श्रीमती कॉमिन, आजच्या सत्कारमूर्ती इमेल्डा प्रंटीबाई, पहिल्या रांगेत काठी टेकून बसलेल्या आमच्या डिंपनाबाई टॅल्टी, समोर जमलेले कॅरोडफ गावचे सर्व लहानथोर, आणि खिडकीबाहेर उभे असलेले, म्हणजे ज्यांना भाषण नको आहे पण नंतरचा चहा आणि हॅमची सँडविचं हवी आहेत, असे सर्व सज्जनहो,

फादरांनी मला दारातच गाठून बजावलं, "मास्तर, मोजकं बोला." मी आयुष्यभर शाळेत कविता शिकवल्या. तिथे घंटा व्हायची आणि मी ओळीच्या मध्यावर थांबायचो. आज घंटा फादरांच्या हाती आहे आणि ते दयाळू गृहस्थ आहेत, एवढ्याच आधारावर मी उभा राहिलो आहे.

पाहुण्यांच्या मनात एक प्रश्न आला असणार. व्यासपीठाच्या पायथ्याशी हे हिरवं दार आडवं टाकलं आहे ते कशाला? हॉलची दुरुस्ती चालली आहे का? नाही बाईसाहेब. हे टॅल्टींच्या घराचं अर्धं दार आहे. आमच्या जुन्या घरांना अशी दारं असत. वरचा अर्धा भाग उजेडासाठी उघडा, खालचा अर्धा कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून बंद. आणि घरात नाच असला, की हे खालचं दार बिजागऱ्यांवरून उचलून जमिनीवर टाकायचं. दगडाची जमीन नाचणाऱ्याच्या टाचेला उत्तर देत नाही. लाकूड देतं.

आज सकाळी हे दार आणायला मी गेलो, तेव्हा डिंपनाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "दार नेताय तर न्या मास्तर. पण मी काठी सोडणार नाही, आधीच सांगते. थेडी गेला, त्याच्याबरोबर बगळाही गेला."

थेडी टॅल्टी म्हणजे डिंपनाबाईंचा भाऊ, माझा शेजारी, माझ्या बरोबरीचा. फिडल वाजवायचा, म्हणजे व्हायोलिनच, आम्ही नाचाला वाजवतो तेव्हा त्याला फिडल म्हणतो. अलीकडच्याच एका हिवाळ्यात आपण त्याला पोहोचवून आलो. आणि बगळा म्हणजे 'बांधावरचा बगळा' ही त्याची गत. तो गेल्यापासून ती या पॅरिशच्या पंचक्रोशीत कुठेही वाजलेली नाही. तो गेल्यावर ती वाजवू शकेल असं एकच माणूस आहे, इमेल्डाबाई. पण डिंपनाबाईंनी मागितली नाही, म्हणून त्यांनी वाजवली नाही. उद्या इमेल्डाबाई आजारी बहिणीकडे लाँगफर्डला कायमच्या राहायला जाणार. ज्या हातांना तो बगळा माहीत आहे आणि ज्या पायांना माहीत आहे, ते आज दुपारी शेवटचे एका छपराखाली आहेत. मला सकाळपासून दुसरं काही सुचत नाही. तेव्हा इमेल्डाबाईंच्या गौरवाचं भाषण मी दाराच्या गोष्टीतूनच करणार आहे. सांभाळून घ्या.

आधी ठिपक्याविषयी बोलू द्या.

'बगळा' ही हॉर्नपाइप, म्हणजे एका जातीच्या नाचाची चाल. हॉर्नपाइप मूळची खलाशांची म्हणतात. खरं-खोटं समुद्र जाणे. ती धावत नाही, रेंगाळतही नाही. एक सूर लांब, एक आखूड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड, अशी डुलत जाते. हा डौल कागदावर कसा मांडायचा? लिहिणाऱ्यांनी एक युक्ती काढली. लांब सुराशेजारी ठिपका द्यायचा. ठिपका दिला, की चार घासांतले तीन त्या सुराने खायचे आणि उरलेला एक शेजारच्या बिचाऱ्याने. आता असं तंतोतंत वाजवून बघा. बगळा उरत नाही, लंगडं घोडं तेवढं उरतं. काही पुस्तकांत तर ठिपकेही नसतात. सगळे सूर शिपायांसारखे एका उंचीचे. तेही खरं नाही. खरं कुठेतरी दोहोंच्या मधे असतं, आणि ते एका जागी बसूनही राहत नाही.

तुम्ही ओढ्याच्या बांधावर बगळा चालताना पाहिला असेल. पाय उचलतो. थांबतो. किती थांबतो? आपण नकळत श्वास रोखतो, तेवढा. मग पाय टेकवतो आणि पाण्याला कळतही नाही. या वयातही मी पुलावर उभा राहून ते बघतो. मला वाटतं, त्या थांबण्यात काय आहे हे कळलं, तर मी शिकवलेल्या सगळ्या कविता मला एकदम कळतील.

कारण तिथेही तेच नाही का? मी फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करायचो. पोरं त्या खुणांवर बोट ठेवून कविता म्हणत, आणि पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटे. मग एखाद्या दिवशी कोपऱ्यातली एखादी मुलगी खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच, तीच ओळ म्हणून जाई. माझा खडू हातात तसाच राही. खुणा त्याच, अक्षरं तीच. मग हे आलं कुठून? मला आजवर उत्तर मिळालेलं नाही. मिळू नये असंही वाटतं.

तर थेडी आणि डिंपना. दोघांनीही लग्न केलं नाही, एकाच घरात राहिली. तो वाजवी, ती नाचे. रविवारी दुपारी दार खाली आलं, की आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहायचो. मग काय झालं, थेडी एकदा मोठ्या गावच्या स्पर्धेत गेला. परीक्षक सज्जन होते, विद्वान होते. भरल्या सभेत प्रेमाने म्हणाले, "मिस्टर टॅल्टी, हात गोड आहे. पण कागदावर ठिपके दिलेले आहेत. त्यांचा मान राखायला हवा."

बस, एवढंच. थेडी घरी आला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंकडे जाऊन स्वरलिपी वाचायला शिकला. छापील पुस्तक आणलं, लोखंडी स्टँड आणला. आणि एका रविवारी दार खाली टाकल्यावर तो स्टँडवर कागद लावून बसला. डिंपनाबाई नाचायला उभ्या राहिल्या. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे जमीनच लागावी, तसं त्यांचं झालं. त्या थांबल्या.

"थेडी, हे काय वाजवतोयस?"

"बरोबर वाजवतोय."

"म्हणजे आजपर्यंत मी चूक नाचत होते?"

"तसं असेल तर असेल."

माणसं किती सहज बोलून जातात! डिंपनाबाईंनी एकटीने ते दार उचललं, बिजागऱ्यांत बसवलं, आणि पुन्हा नाचल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. फक्त थेडीने फिडल हातात घेतलं, की बाई बादली घेऊन कोंबड्यांना दाणे टाकायला निघून जायच्या. कॅरोडफमध्ये सगळ्यांत धष्टपुष्ट कोंबड्या टॅल्टींच्या का, हे कोडं त्या काळी बऱ्याच जणांना पडलेलं होतं.

अशी बरीच वर्षं गेल्यावर आपल्या शाळेत इमेल्डाबाई आल्या. डब्लिनच्या संगीत विद्यालयातून शिकून, ताज्या ताज्या. हातात व्हायोलिन, पिशवीत ताल मोजत टिकटिक करणारा लाकडी मनोरा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'बांधावरचा बगळा' पुस्तकातून वाजवला, एकेका ठिपक्याला सलाम करत. थेडी माझ्याकडे धावत आला. "मास्तर, आली! अखेर एक तरी माणूस आलं, ज्याला वाचता येतं!"

मग दर रविवारी इमेल्डाबाई टॅल्टींकडे. दोघं स्टँडसमोर, आणि डिंपनाबाई कोंबड्यांत.

एका रविवारी वाजवता वाजवता थेडीची तार तुटली. वाजवणं थांबलं. पण गत थांबली नाही. ती अंगणातून येत होती. डिंपनाबाई दाणे टाकत तोंडाने तिचे बोल म्हणत होत्या, आणि त्यांची टाच फरशीवर पडत होती. थेडी तार शोधायला आतल्या खोलीत गेला. इमेल्डाबाई खिडकीशी गेल्या आणि तिथेच राहिल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्या माझ्या वर्गात आल्या. चेहरा पांढरा.

"मास्तर, काल मी काहीतरी ऐकलं."

"भूत?"

"नाही. टाच."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी रात्रभर लिहून बघितलं. ठिपका दिला तर जास्त होतं, काढला तर कमी होतं. मधलं लिहिलं तर तेही नाही. आणि दुसऱ्या फेरीला तीच जागा त्या वेगळीच घेतात. मास्तर, याला खूणच नाही!"

मला वाटलं आता या रडणार. एवढं शिकून आलेली मुलगी. पण त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं ते. केवढं आहे हे, आणि आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं!

"मग थेडीला सांगा की," मी म्हणालो.

"काय सांगू? एकदा कागदावरून त्यांची मान खाली गेली. आता मी कागद वाचणारीच उठून सांगू, की तुमचं पुन्हा चुकलं म्हणून?"

इमेल्डाबाई तशाच रविवारमागून रविवार जात राहिल्या. थेडीबरोबर ठिपके मोजत राहिल्या आणि कान अंगणात ठेवत राहिल्या.

आणि मग स्टेशन्सची पाळी टॅल्टींकडे आली. शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पाळीपाळीने एकेका घरी फादर येऊन मासची प्रार्थना करतात आणि शेजारपाजार तिथे जमतो. ज्याच्याकडे पाळी, त्याच्या घराला चुना लागतो, दारं-खिडक्यांना रंग लागतो, आणि जन्मात न घासलेली किटलीही घासली जाते. थेडीने आदल्या दिवशी हे दार काढून त्याला हिरवा रंग दिला. पण आपली हवा! अटलांटिकच्या काठी रंग वाळायला देवाची मर्जी लागते. सकाळी मास झाला, लोकांचा अंडी-ब्रेड-चहा झाला, तरी दार अंगणात फरशीवर ओलंच पडलेलं.

सगळे अंगणात उन्हात उभे होते. फादर मॅकिनर्नी त्या वेळी नवीन होते, केस काळे होते. ते म्हणाले, "थेडी, एखादी गत होऊ दे."

थेडीने स्टँड आणला. वारा होता म्हणून कागदाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. इमेल्डाबाई शेजारी उभ्या राहिल्या आणि दोघांनी 'बगळा' सुरू केला. लोक प्रवचन ऐकावं तसे भक्तिभावाने ऐकत होते. डिंपनाबाईंनी बादली उचलली.

तेवढ्यात इमेल्डाबाईंनी व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं आणि त्या सरळ चालत जाऊन दारावर चढल्या.

"अहो बाई, रंग ओला आहे!" फादर ओरडले.

बाई नाचायला लागल्या होत्या. सज्जनहो, मी आयुष्यात पुष्कळ नाच पाहिले, तसा पाहिला नाही. एकही चूक नव्हती! कागदावरचा प्रत्येक ठिपका पायात होता. लांब सुरावर बाई खांबासारख्या उभ्या, आणि आखूड सुरावर तापलेल्या तव्यावर पाय पडल्यासारख्या उडी मारायच्या. वर बूट रंगाला चिकटायचे, ते सुटताना फट्-फट् आवाज व्हायचा. कोणीतरी म्हणालं, "बाईंना मुंग्या चावल्या वाटतं." बायका पदरात तोंड लपवावं तशा रुमालात हसू लागल्या. फादर आकाशाकडे बघत होते. थेडी मान खाली घालून, इमानाने, ठिपके वाजवत होता.

बादली धाडकन खाली आपटली.

"उतर! खाली उतर आधी पोरी, मान मोडून घेशील! बगळा आहे तो, पिसाळलेली कोंबडी नाही!"

"मग कसं करायचं?" इमेल्डाबाई धापा टाकत म्हणाल्या.

"असं!"

आणि 'असं' म्हणेपर्यंत डिंपनाबाई दारावर होत्या.

त्यांनी एक पाय उचलला. आणि तो तसाच ठेवला. थेडी वाजवत होता आणि त्या एका पायावर उभ्या होत्या.

"थेडी, मी उभी आहे."

"मी वाजवतोय की."

"तू वाचतोयस."

"कागदात जे दिलंय तेच—"

"कागदाला गुडघे आहेत का रे?"

अंगण हसलं. थेडी हसला नाही. त्याचे कान लाल झाले. गज थांबला. ती जुनी सभा, ते परीक्षक, सगळं त्याच्या तोंडावर पुन्हा आलेलं मला दिसलं. मला वाटलं, आता हा फिडल पेटीत ठेवणार आणि पुन्हा काढणार नाही.

इमेल्डाबाई हिरव्या बुटांनी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हळूच बोलल्या, पण आम्हाला ऐकू आलं.

"थेडी, ज्याने हे लिहून ठेवलं, त्याने तुमच्यासारख्याच कुणाचं तरी ऐकून लिहिलं असणार. जे ऐकलं त्याला त्याच्यापाशी खूण नव्हती. मीही शोधली, मलाही सापडली नाही. म्हणून त्याने ठिपका दिला. ठिपका म्हणजे एवढंच, की इथे झुकायचं आहे, किती ते तुला माहीत आहे. तो हुकूम नाही हो. त्याने तुमच्यावर भरवसा टाकलाय."

वाऱ्यावर चिमटे वाजत होते. थेडी कागदाकडे बघत राहिला. एखाद्या नातेवाइकाला आपण उगाच परका समजत होतो हे कळल्यावर माणूस बघतो, तसा. मग त्याने चिमटे काढले. कवितेत असतं तर कागद वाऱ्यावर उडून गेला असता. थेडीने तो नीट घडी करून छातीच्या खिशात ठेवला, आणि वर बघितलं.

डिंपनाबाईंचा पाय अजून अधांतरी होता. ती बाई तेवढा वेळ एका पायावर उभी होती.

थेडीने गज तारेवर ठेवला. सूर आधी आला की टाच आधी पडली, हे मला आजही सांगता येणार नाही. फादरांनाही मी विचारलं आहे, त्यांनाही येत नाही. एवढं आठवतं, की लांब सुराच्या शेवटी एक जागा होती, केसाएवढी, आणि तिच्यात आम्ही सगळे मावलो होतो. ती जागा प्रत्येक वेळी नवी होती. कधी ती रुंद व्हायची आणि वाटायचं, आता पाय पडतच नाही. मग पडायचा. माझ्या शेजारी उभा असलेला म्हातारा शेतकरी टोपी काढून उभा राहिला. मासच्या वेळी त्याने ती डोक्यावरच ठेवली होती. इमेल्डाबाई हात जोडून, हिरव्या बुटांत, रडत होत्या आणि हसत होत्या.

नाच संपला, तेव्हा दाराच्या ओल्या रंगात टाचांच्या खुणा उमटल्या होत्या. थेडी म्हणाला, "पुन्हा एक हात मारू का रंगाचा?"

"मारून बघ," डिंपनाबाई म्हणाल्या.

ते दार तसंच बिजागऱ्यांत बसलं. खुणा तुमच्यासमोर आहेत. नंतर कितीतरी रविवारी त्यांच्यावर पाय पडले, तरी त्या बुजल्या नाहीत. जवळून बघा, मात्र मोजायला जाऊ नका. एक दुसरीसारखी नाही.

इमेल्डाबाईंनी या शाळेत इतकी वर्षं काय शिकवलं, हे मुख्याध्यापकांनी मघाशी आकड्यांत सांगितलं. मी एवढंच सांगेन. त्या आधी मुलांच्या हातात कागद देत. वाचता आलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट शेवटपर्यंत सुटला नाही. मग तोच कागद हातात घेतलेल्या मुलांना त्या टॅल्टींच्या अंगणात नेत आणि म्हणत, "आता ऐका, ह्यात काय लिहिता आलं नाही." त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात व्हायोलिन होतं. आज जाताना फिडल आहे. लाकूड तेच.

इमेल्डाबाई, गावाने तुमच्यासाठी शाल आणली आहे, लाँगफर्डला थंडी जास्त म्हणून. ती फादर देतील. मला द्यायला काही नाही, मागायचं मात्र आहे. जाण्यापूर्वी तो बगळा एकदा... पण मी मागायच्या आधीच तुम्ही पेटी उघडलेली दिसते. आणि मुख्याध्यापकांनी ठेवलेला कागदाचा स्टँड बाजूला केलात.

तर आता आभार. फादर मॅकिनर्नींचे, त्यांनी घंटा वाजवली नाही म्हणून. पाहुण्यांचे, त्या दाराविषयी काही न विचारता बसून राहिल्या म्हणून. किटल्या सांभाळणाऱ्या मंडळींचे, आणि आता खिडकी सोडून आत आलेल्यांचेही. थेडीचे आभार मानायला मी संध्याकाळी टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन येईन.

...डिंपनाबाई, सावकाश. अरे पोरांनो, पाय आवरा, वाट द्या त्यांना. नाही, हात धरू नका, त्यांना आवडत नाही. बाईंनी शब्द पाळला हो, काठी सोडलेली नाही. काठीसकट दारावर चढल्या आहेत.

सज्जनहो, माझ्या बोलण्यात मी कुठे उगाच लांबलो असेन, कुठे थांबायला हवं तिथे घाई केली असेल, तर तिथे एक ठिपका आहे असं समजा आणि माफ करा. किती, ते तुम्हाला माहीत आहे.

मी बसतो. त्यांनी पाय उचलला आहे.